‘म्हणजे मेसेज बरोबर होता, फक्त टायमिंग चुकलं?’ : मैत्रिणीला येशूबद्दल सांगताना नक्की काय दुखावलं

हे एकाच प्रसंगाबद्दल आहे आणि तो माझा स्वतःचा आहे. मैत्रिणीला विचारूनच लिहितेय, तिनं एवढंच सांगितलं की नाव नको आणि आईच्या आजाराबद्दल जास्त काही नको, ते दोन्ही पाळलंय. लिहायचं कारण असं की आपल्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, सुवार्ता (येशूबद्दलची चांगली बातमी) सांगण्याबद्दल जे सल्ले मिळतात ते बरेचदा दोन टोकांचे असतात, एक म्हणजे "समोरच्याला राग आला तरी येऊ दे, तू सांगून मोकळी हो" आणि दुसरं म्हणजे "तू फक्त प्रेमानं वाग, बोलायची काही गरज नाही". मी दोन्ही करून पाहिलंय. सहा वर्षं दुसरं केलं आणि मग एका रात्रीत पहिलं, आणि दोन्ही वेळा मी तिच्यापेक्षा स्वतःचाच विचार करत होते हे मला फार उशिरा कळलं.

आधीची सहा वर्षं

आम्ही एकाच ऑफिसात, एकाच टीममध्ये. शेजारी शेजारी बसायचो, एकमेकींचं सगळं माहीत, पगारापासून घरातल्या भांडणांपर्यंत. ती ख्रिस्ती नाही. देव आहे असं मानते, पण चांगलं वागावं, कुणाचं वाईट करू नये, बाकी सगळं सारखंच, असं तिचं साधं म्हणणं. मी रविवारी चर्चला जाते हे तिला माहीत होतं, आणि काही अडचण आली की मी "प्रार्थना करते हं तुझ्यासाठी" म्हणायचे आणि ती "कर बाई" म्हणायची, विषय तिथेच संपायचा. सहा वर्षांत येशू कोण आहे आणि माझ्यासाठी त्यानं काय केलं हे मी तिला एकदाही सांगितलं नाही.

मी ह्याला तेव्हा आदर म्हणायचे, की तिच्या श्रद्धेत कशाला ढवळाढवळ करायची. थोडा आदर होताही त्यात, पण आता मागे वळून बघितलं तर बरीचशी भीती होती. तिला आवडणार नाही, मग आमचं पूर्वीसारखं राहणार नाही, लंचला ती दुसऱ्या टेबलावर बसेल, असली भीती. म्हणजे मैत्री टिकवायची होती ती माझ्यासाठी.

ती रात्र

एका रविवारी चर्चमध्ये बायबलमधल्या यहेज्केल ह्या पुस्तकाच्या ३३व्या अध्यायावर संदेश होता, पहारेकऱ्याचा अध्याय. शत्रू येताना दिसला आणि पहारेकऱ्यानं कर्णा वाजवला नाही तर मेलेल्याच्या रक्ताचा जाब पहारेकऱ्याला द्यावा लागेल, असं ते आहे. माझ्या पोटात गोळाच आला. घरी आले, जेवण गेलं नाही, आणि रात्री अकराच्या सुमारास मी तिला एक चाळीस मिनिटांचा व्हिडिओ आणि कुणीतरी मला पाठवलेला एक लांबलचक मेसेज जसाच्या तसा फॉरवर्ड केला. त्यात शेवटी होतं, आज रात्री तू मेलीस तर कुठे जाशील?

तिची आई दोन दिवसांपूर्वी तपासणीसाठी हॉस्पिटलमध्ये ॲडमिट झाली होती. हे मला माहीत होतं. तपासणीच तर आहे, असं डोक्यात होतं, पण माहीत होतं.

दोन दिवस काही उत्तर नाही. तिसऱ्या दिवशी एक ओळ आली, "आई आयसीयूत आहे. आत्ता हे नको."

ती ओळ मी किती वेळा वाचली असेल. नीतिसूत्रे २५:२० मध्ये एक वचन आहे, दुःखी माणसासमोर गाणी गाणं म्हणजे थंडीच्या दिवसात कुणाच्या अंगावरचं पांघरूण काढून घेण्यासारखं. मी ते पूर्वी वाचलेलं होतं, अधोरेखितही केलेलं होतं. आणि मी तर गाणंही गायलं नव्हतं, ज्या रात्री तिची आई मृत्यूशी झुंजत होती त्या रात्री मी तिला मरणाबद्दल प्रश्न विचारला होता, तोही दुसऱ्याच्या शब्दांत.

मग मी यहेज्केल ३३ परत काढून वाचलं, ह्यावेळी सावकाश. पहारेकऱ्याचा भाग नवव्या वचनापर्यंत आहे आणि माझं लक्ष तिथेच अडकलं होतं. पण दोनच वचनं पुढे, अकराव्यात, देव शपथ घेऊन सांगतो की दुष्टाच्या मरणात मला मुळीच आनंद नाही, त्यानं वळावं आणि जगावं ह्यातच आहे, आणि मग जवळजवळ विनवणी केल्यासारखं, वळा, वळा, तुम्ही का मरता. कर्णा का वाजवायचा त्याचं कारण तिथे आहे. मी कर्णा वाजवला तो माझ्यावर जाब येऊ नये म्हणून. शहरात कोण झोपलंय, ते कुठल्या अवस्थेत आहे, ह्याकडे माझं लक्षच नव्हतं. दोष टाळण्यासाठी दिलेला इशारा आणि माणूस वाचावा म्हणून दिलेला इशारा, दोन्हीत शब्द तेच असू शकतात, पण ऐकणाऱ्याला फरक कळतो. तिला कळला.

माफी, आणि तिनं विचारलेला प्रश्न

मी हॉस्पिटलला गेले. आयसीयूच्या बाहेर ती एकटी बसली होती. मी सॉरी म्हटलं. तिनं माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "कशाबद्दल सॉरी? म्हणजे मेसेज बरोबर होता, फक्त टायमिंग चुकलं, असं का?"

ह्या प्रश्नाला मी तयार नव्हते. सगळ्यात सोपं होतं "नाही गं, विसर ते, मी असंच पाठवलं" असं म्हणणं, ती शांत झाली असती. पण ते खोटं झालं असतं, आणि ज्या माणसाची माफी मागायला आलोय त्याच्याशीच पुन्हा खोटं बोलायचं हे मला जमेना. मी म्हटलं, "येशूबद्दल तुला सांगावं असं मला वाटतं, ते खरंय, त्याबद्दल सॉरी नाही. पण मी तुला सांगितलंच नाही गं. मी माझ्या मनातलं ओझं तुझ्या फोनवर टाकलं आणि झोपायला गेले. तू कुठे आहेस, कशातून जातेयस हे विचारलंही नाही. त्याबद्दल सॉरी."

ती म्हणाली, "तो मेसेज मला लिहिलाच नव्हता ना. तो कुणालाही चालला असता."

बस, एवढंच. माझ्या अख्ख्या चुकीचं निदान तिनं एका वाक्यात केलं. शब्द कडक होते हा भाग नंतरचा. मुळात त्यात ती कुठेच नव्हती. येशूचा प्रेषित पौल थेस्सलनीका शहरातल्या मंडळीला पहिल्या पत्रात लिहितो (२:८) की तुम्ही आम्हाला इतके प्रिय झालात की नुसती सुवार्ताच नाही तर आमचा जीवही तुम्हाला द्यायला आम्ही तयार होतो. मी सुवार्ता दिली होती, तीही उसनी, आणि जीव सोडा, झोपही दिली नव्हती.

पाच आठवडे

तिची आई पाच आठवडे हॉस्पिटलमध्ये होती. मी आठवड्यातून दोन-तीन रात्री थांबायचे म्हणजे तिला घरी जाऊन झोपता येईल. बिलाच्या रांगा, औषधं, फाईल, ऑफिसातली तिची कामं मी आणि अजून दोघं वाटून घ्यायचो. येशूबद्दल मी स्वतःहून काही बोलले नाही. बायबलमध्ये सगळं गमावलेल्या ईयोबाचे तीन मित्र नंतर फार चुकीचं बोलले हे सगळ्यांना आठवतं पण सुरुवातीला ते सात दिवस सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर नुसते बसून होते (ईयोब २:१३), एक शब्द न बोलता, कारण त्याचं दुःख किती मोठं आहे हे त्यांना दिसत होतं. तेवढं तरी मला करायचं होतं.

पण इथे एक गोष्ट मला नीट सांगायची आहे कारण ह्यात फसायला होतं. मदत हे आमिष होऊ शकतं. आपण सेवा करतो आणि मनात कुठेतरी हिशोब चालू असतो, आता ही विचारेल, आता दार उघडेल. दुसऱ्याच आठवड्यात तिनं मला सरळ विचारलं, "हे सगळं तू त्यासाठी करतेयस का? मी तुझ्या देवाकडे यावं म्हणून?" मी म्हटलं, "तू येशूला ओळखावंस असं मला वाटतं, हे मी लपवणार नाही. पण तू कायमचं नाही म्हणालीस तरी मी गुरुवारी रात्री इथे असणार आहे." ती काही बोलली नाही. मी गुरुवारी गेले. मला वाटतं त्या वाक्यापेक्षा गुरुवारी जाणं जास्त महत्त्वाचं होतं, पण ते वाक्यही लागतं, कारण लपवलेला हेतू समोरच्याला कधी ना कधी दिसतोच आणि मग आधीचं सगळं प्रेम त्याला खोटं वाटायला लागतं.

प्रार्थनेचंही तसंच. मी प्रत्येक वेळी विचारायचे, करू का? एकदा हो म्हणाली, एकदा "आज नको" म्हणाली. नको म्हणाली त्या दिवशी मी तिच्यासमोर डोळेही मिटले नाहीत.

चौथ्या आठवड्यातल्या एका रात्री काकूंना, म्हणजे तिच्या आईला, बरीच शुद्ध होती. मी एकटीच होते. त्यांनी हळू आवाजात विचारलं, "तू प्रार्थना करतेस तेव्हा काय म्हणतेस गं?" मी खूप घाबरले. मरणाच्या दारातल्या माणसाला त्याच्या मुलीच्या मागे काही सांगणं हा फायदा घेणं होईल का, आणि त्या स्वतः विचारतायत तर गप्प राहणं हे काय होईल, दोन्ही एकदम मनात आलं. शेवटी मी चार-पाच वाक्यांत सांगितलं, की मी येशूशी बोलते, तो देवाचा पुत्र आहे असं मी मानते, माझ्या पापांसाठी तो वधस्तंभावर मेला आणि पुन्हा उठला, म्हणून देव मला दूर लोटणार नाही हे मला माहीत आहे, आणि तुम्हीही त्याच्याशी बोलू शकता, कुठलेही मोठे शब्द लागत नाहीत. त्यांनी ऐकलं. "बरं" म्हणाल्या. डोळे मिटले. मी त्यांना काही म्हणायला लावलं नाही, हात धरून प्रार्थना वदवून घेतली नाही.

सकाळी मैत्रीण आल्या आल्या, ती बॅग ठेवायच्या आधीच, मी तिला सगळं सांगितलं, काकूंनी काय विचारलं आणि मी काय म्हटलं, शब्दन् शब्द. तिचा चेहरा थोडा ताठ झाला पण म्हणाली, "तिनं विचारलं असेल तर ठीक आहे." माझं आजही मत हेच आहे, जे आपण मुलीसमोर बोलू शकणार नाही ते आजारी आईच्या कानात बोलायचं नाही.

पाचव्या आठवड्यात काकू गेल्या.

"माझी आई कुठे आहे?"

साधारण महिन्यानंतर ती माझ्या घरी आली होती. बराच वेळ इकडचं तिकडचं बोललो. मग एकदम म्हणाली, "मला एक स्पष्ट सांग. गोल गोल नको. तू जे मानतेस त्याप्रमाणे माझी आई आत्ता कुठे आहे?"

ह्या क्षणासाठी कुठलंही पुस्तक पुरं पडत नाही. माझ्यासमोर पळायला दोन वाटा होत्या. "देवालाच माहीत" म्हणून विषय बंद करायचा, किंवा "काकू एवढ्या चांगल्या होत्या, त्या नक्की चांगल्या ठिकाणीच असतील" म्हणून तिचे डोळे पुसायचे. दुसरी वाट फारच मोहात पाडणारी होती कारण ती प्रेमासारखी दिसते.

पेत्राच्या पहिल्या पत्रातलं ३:१५ आपण सगळे तोंडपाठ म्हणतो, तुमच्या आशेबद्दल कोणी विचारलं तर उत्तर द्यायला नेहमी तयार असा, पण सौम्यपणे आणि आदरानं. त्यात मला तेव्हा एक गोष्ट पहिल्यांदा जाणवली की ते वचन कुणीतरी *विचारलंय* असं धरून चाललंय. आणि तिनं विचारलं होतं. आता उत्तर न देणं हाच अनादर झाला असता.

मी म्हटलं, "मला माहीत नाही. आणि हे मी टाळायला म्हणत नाहीये. त्या रात्री मी बोलल्यावर त्यांनी डोळे मिटले, त्यानंतर त्यांच्या मनात काय झालं ते मला दिसत नाही. येशूच्या शेजारी ज्याला वधस्तंभावर टांगलं होतं तो गुन्हेगार शेवटच्या काही तासांत म्हणाला माझी आठवण ठेव, आणि येशूनं त्याला म्हटलं आज तू माझ्याबरोबर सुखलोकात असशील. खाली उभं राहून बघणाऱ्या लोकांना त्याच्याबद्दल विचारलं असतं तर सगळ्यांनी चुकीचं सांगितलं असतं. म्हणून मी काकूंबद्दल निकाल देणार नाही. अब्राहाम देवाला म्हणतो ना, सगळ्या पृथ्वीचा न्यायाधीश न्यायानं वागणार नाही का, मी तिथेच थांबते."

ती म्हणाली, "आणि तिनं काहीच म्हटलं नसेल तर? ती आयुष्यभर चांगलं वागली, ते पुरेसं नाही?"

मी थांबले. मग म्हटलं, "नाही. कुणाचंच पुरेसं नाही. माझंही नाही."

"म्हणजे माझी आई पुरेशी चांगली नव्हती."

"तुझी आई माझ्यापेक्षा कितीतरी चांगली होती. मी त्यांना पाच आठवडे बघितलंय, नर्सला सुई टोचताना हात थरथरला तर तिलाच धीर द्यायच्या."

"मग तू तिकडे जाणार आणि ती नाही, हे कसं?"

"मी चांगली आहे म्हणून नाही ना जाणार. चांगुलपणावर असतं तर माझ्याआधी त्यांचा नंबर होता, मी कुठेच नसते. मी हात रिकामे घेऊन उभी आहे गं, येशूनं जे केलं तेवढंच माझ्याकडे आहे. आणि तो ते कुणालाही देतो, हेच मला सांगायचंय."

तिचे डोळे भरले, पण आवाज एकदम थंड. "हा अपमान आहे. माझ्या आईच्या अख्ख्या आयुष्याचा." आणि ती उठून गेली.

मी तिला थांबवलं नाही. दारापर्यंत गेले. नंतर एकच मेसेज केला, "तू चिडली आहेस ते बरोबरच आहे. मी इथेच आहे." वचन जोडलं नाही. तो मोह किती होता काय सांगू, निदान एक तरी वचन, पण नाही.

इथे जरा थांबून

मी त्या दोन रागांची मनात खूप तुलना केली, फॉरवर्डचा राग आणि हा राग. पहिला माझ्यामुळे आला होता. माझी घाई, माझी भीती, दुसऱ्याचे शब्द, चुकीची रात्र. दुसऱ्या वेळी मी माझ्या बाजूनं जे जे काढून टाकता येईल ते काढलं होतं, आणि तरी राग आला, कारण जे उरलं होतं ते वधस्तंभच होता.

नव्या करारात ह्यासाठी स्कांडालोन हा ग्रीक शब्द आहे, आपल्या बायबलमध्ये त्याला अडखळण म्हटलंय. पौल करिंथकरांना पहिल्या पत्रात लिहितो की वधस्तंभावर खिळलेला ख्रिस्त यहुद्यांना अडखळण आणि इतरांना मूर्खपणा वाटतो (१:२३). आज आपण वधस्तंभ गळ्यात घालतो म्हणून तो शब्द किती जड होता ते कळत नाही. रोमी राज्यात ही शिक्षा गुलामांची आणि बंडखोरांची, रोमी वक्ता सिसेरो तिला सगळ्यात क्रूर आणि किळसवाणी शिक्षा म्हणतो, आणि यहुदी नियमशास्त्रात झाडावर टांगलेला माणूस शापित (बायबलमधलं अनुवाद नावाचं पुस्तक, २१:२३). रोममधल्या पॅलाटिन टेकडीवर १८५७ मध्ये भिंतीवर कोरलेलं एक जुनं चित्र सापडलं, वधस्तंभावर गाढवाचं तोंड असलेला माणूस, समोर हात वर केलेला एक जण आणि खाली ग्रीकमध्ये लिहिलंय, अलेक्सामेनोस आपल्या देवाची उपासना करतो. साधारण सन २०० च्या आसपासचं मानतात. त्या अलेक्सामेनोसबद्दल मला नेहमी वाटतं, त्याच्या सोबत्यांनी ती थट्टा भिंतीवर कोरली आणि तो रोज त्या भिंतीसमोरून जात असेल.

पण आमच्या काळात लोक वधस्तंभाला त्या कारणानं अडखळत नाहीत. माझी मैत्रीण अडखळली ती, आपला चांगुलपणा तिथे चालत नाही, ह्या गोष्टीला. आणि खरं सांगायचं तर ती बरोबर जागी अडखळली. तिला सुवार्ता नीट समजली होती म्हणून तिला राग आला. मी ते वाक्य गाळलं असतं तर राग आला नसता, आणि मग मी तिला जे दिलं असतं त्याला सुवार्ता म्हणता आलं नसतं.

आणि तोच पौल, त्याच पत्रात, नवव्या अध्यायात म्हणतो की सुवार्तेला अडथळा होऊ नये म्हणून आम्ही सगळं सोसतो, आणि दहाव्यात (१०:३२) म्हणतो कुणालाही अडखळण होऊ नका. एकाच पत्रात दोन्ही. आधी मला हे परस्परविरोधी वाटायचं. आता वाटतं, तो म्हणतोय की वाटेत दगड एकच राहू दे, वधस्तंभाचा, तुमचे दगड तुम्ही उचला. मी फॉरवर्डच्या वेळी इतके दगड टाकले होते की तिला तो एक दिसलाच नव्हता.

"पाप" ह्या शब्दाचंही थोडं सांगते. त्या फॉरवर्डमध्ये तू पापी आहेस असं होतं आणि तिनं नंतर सांगितलं की तिला ते एखादी शिवी दिल्यासारखं वाटलं. आपल्या बोलण्यात पापी म्हणजे काहीतरी भयंकर केलेला माणूस. नव्या करारातला ग्रीक शब्द हामार्तिया, त्याच्या मुळाशी नेम चुकणं आहे. म्हणून तो सौम्य होतो असं नाही, पण "तू पापी" आणि "आपण दोघी चुकलोय, मी कशी चुकले ते आधी सांगते" ह्यात फार अंतर आहे. मी हॉस्पिटलच्या बाहेर माफी मागितली तेव्हा कदाचित पापाबद्दल पहिल्यांदा काहीतरी खरं बोलले असेन.

एकोणीस दिवस

एकोणीस दिवस ती बोलली नाही. ऑफिसात कामापुरतं. लंचला दुसऱ्या टेबलावर. सहा वर्षं ज्याची भीती होती तेच झालं.

मंडळीतल्या एकानं मला सांगितलं, तू तुझं काम केलंस, आता पायाची धूळ झटक आणि पुढे जा, येशूनंच सांगितलंय (मत्तय १०:१४). मला ते लागलं. मग मंडळीतल्याच एका वयस्कर बाईंशी बोलले, त्या म्हणाल्या, "अगं, धूळ झटकायची ते जो ऐकूनच घेत नाही त्याच्यासाठी. तिनं तर शेवटपर्यंत ऐकलं. ऐकलं म्हणून तर रडली." आणि पुढे म्हणाल्या, "तू रडलीस का तिच्यासाठी?" मी रडले होते, पण मैत्री गेली म्हणून. हे मी त्यांना प्रामाणिकपणे सांगितलं. त्यांनी रोमकरांस पत्राचा नववा अध्याय काढून दिला, जिथे पौल म्हणतो की माझ्या लोकांसाठी माझ्या मनात सतत वेदना आहे, त्यांच्यासाठी मी स्वतः ख्रिस्तापासून तोडला गेलो तरी चालेल. मी ते वाचून तिच्यासाठी प्रार्थना करायला लागले, आमच्या मैत्रीचं नाव न काढता. सुरुवातीला जमत नव्हतं.

अथेन्समध्ये पौल अरीयपगावर, म्हणजे तिथल्या सभेच्या टेकडीवर, बोलला तेव्हाही तसंच झालं होतं. त्यानं सुरुवात किती जपून केली, त्यांच्या "अज्ञात देवाला" असं लिहिलेल्या वेदीपासून, त्यांच्याच कवींच्या ओळीही घेतल्या, आणि तरी पुनरुत्थानाचं नाव काढल्यावर काहींनी थट्टा केली, काही म्हणाले परत कधीतरी ऐकू, आणि थोड्यांनी विश्वास ठेवला, त्यात दिओनुस्य आणि दामारी नावाची बाई (कृत्ये १७). बोलणारा एकच, भाषण एकच. ह्याचा मला त्या दिवसांत आधार वाटला, आणि धाकही, कारण "तिला राग आला म्हणजे मी बरोबर" असंही त्यातून निघत नाही. राग आला की प्रत्येक वेळी आधी स्वतःलाच तपासायला लागतं.

कपाट

विसाव्या दिवशी मेसेज आला. "आईचं कपाट आवरायचंय. एकटीला जमत नाहीये. येशील?"

गेले. दिवसभर साड्या, कागद, जुन्या चिठ्ठ्या. दुपारी ती पाठमोरी असतानाच म्हणाली, "मी अजून चिडलेली आहे."

मी म्हटलं, "हं."

"पण सगळे मला बरं वाटावं म्हणून काही ना काही सांगत होते. ज्यांना काहीच माहीत नाही तेसुद्धा. तू एकटीनं मला माहीत नाही म्हणून सांगितलंस आणि जे मानतेस तेही सांगितलंस, मी निघून जाईन हे माहीत असून." थोड्या वेळानं, "सहा वर्षं का नाही सांगितलंस गं?"

मी म्हटलं, "तू निघून जाशील म्हणून."

ती हसली नाही, रागावलीही नाही. घडी घालत राहिली. मग म्हणाली, "त्यातलं छोटं कुठलंय? एवढं जाड मी वाचणार नाही."

बायबलमध्ये येशूच्या आयुष्याबद्दलची चार पुस्तकं आहेत, शुभवर्तमानं, त्यात मार्कचं सगळ्यात लहान आहे, सोळा अध्याय. तिनं अट घातली की मी मध्ये मध्ये समजावून सांगायचं नाही, तिनं विचारलं तरच बोलायचं. मला ती अट खूप जड जाते, पण पाळतेय. आम्ही दर गुरुवारी ऑफिस सुटल्यावर एक अध्याय वाचतो, मोठ्यानं, आळीपाळीनं. तिनं विश्वास ठेवलाय का, तर नाही. काही गोष्टी तिला आवडतात, काहींना ती स्पष्ट नाही म्हणते, पाचव्या अध्यायातल्या डुकरांवरून आमचा अर्धा तास गेला.

गेल्या गुरुवारी दहावा अध्याय होता. तो श्रीमंत माणूस धावत येतो, लहानपणापासून सगळ्या आज्ञा पाळल्यात म्हणतो, येशू त्याला एक गोष्ट सांगतो, सगळं विकून गरिबांना दे, आणि तो खिन्न होऊन निघून जातो. ती वाचता वाचता थांबली.

"येशू त्याच्या मागे का नाही गेला?"

तिनं विचारलं होतं, म्हणजे मला बोलता येत होतं. पण माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी म्हटलं, "मला माहीत नाही. पण सांगायच्या आधी काय केलं ते परत वाच."

तिनं एकविसावं वचन परत वाचलं. येशूनं त्याच्याकडे निरखून पाहिलं आणि त्याच्यावर प्रीती केली, आणि मग म्हणाला, तुझ्यात एक गोष्ट कमी आहे.

ती बराच वेळ त्या पानाकडे बघत होती. "आईलाही कुणी असं बघून सांगितलं असतं तर तिला राग आला असता," ती म्हणाली, "पण तिनं ऐकून घेतलं असतं." मग पेन्सिल मागितली, त्या ओळीच्या बाजूला लहानशी खूण केली आणि बावीसपासून पुढे वाचायला लागली.